शेलला फोकस कळतो कसा, आणि तो कीबोर्डच्याच वाटेने का येतो

शेल म्हणजे तुमच्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, आणि फोकस म्हणजे कीबोर्ड सध्या कोणत्या विंडोला जोडलेला आहे ते. व्हीटी१०० हे जुनं टर्मिनल, म्हणजे स्क्रीन-कीबोर्डचं यंत्र, १९७८ चं. तिथे अख्खी स्क्रीन म्हणजेच टर्मिनल, फोकस वगैरे प्रश्नच नव्हता. विंडो आल्या तेव्हा तो आला, पण विंडोवर कोण आलं-गेलं हे टर्मिनल एम्युलेटरला, म्हणजे विंडोत टर्मिनलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामला, कळायचं, आतल्या शेलला त्याचा पत्ताच नसायचा. पुढे एक्सटर्म या एम्युलेटरमध्ये माउसच्या १००० पासूनच्या मोडांच्याच (नंबर देऊन चालू-बंद करायच्या सोयींच्या) रांगेत १००४ आला. तो चालू केला की विंडोवर आल्यावर आतल्या प्रोग्रामला एस्केप, चौकोनी कंस आणि कॅपिटल आय अशी अक्षरं येतात, बाहेर गेल्यावर आयच्या जागी ओ. (२००४ वेगळा, तो ब्रॅकेटेड पेस्टचा, म्हणजे पेस्ट केलेला मजकूर टाइप केलेल्यापासून वेगळा ओळखायचा, लोक गल्लत करतात.)

वाद आहे तो इथे. हे टाइप केलेल्या अक्षरांतच का मिसळलं? विंडोचा साइझ बदलला की प्रोग्रामला कर्नलकडून सिगविंच नावाचा सिग्नल, म्हणजे इनपुटपासून वेगळी सूचना, मिळतो, मग फोकसला का नको? पटण्यासारखं आहे, पण साइझ पलीकडच्या मशीनला कळवायला एसएसएच (दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या) प्रोटोकॉलमध्ये वेगळा मेसेज ठेवावा लागलाय, आणि फोकससाठी तेच करायचं म्हणजे कर्नल, एसएसएच, मल्टिप्लेक्सर (एका टर्मिनलमध्ये अनेक शेल चालवणारे प्रोग्राम) सगळ्यांत बदल आले. साधे बाइट मात्र आहे त्याच कनेक्शनमधून कुठेही पोचतात. मला तरी तो निर्णय बरोबरच वाटतो, फक्त निस्तरायचं सगळं शेलवर आलं.

कारण शेल इनपुट वाचतो तो प्रॉम्प्टवर असताना. कमांड चालू असताना मोड तसाच राहिला तर कॅटसारख्या (आलेलं इनपुट तसंच छापणाऱ्या) प्रोग्रामसमोर कचरा उमटतो, म्हणून झेडशेल या शेलमध्ये प्रीएक्झेकला (कमांड सुरू होण्याआधी) मोड बंद आणि प्रीसीएमडीला (प्रॉम्प्ट येण्याआधी) परत चालू करतात, आणि त्या दोन सीक्वेन्स (आयची आणि ओची) बाइंडकी कमांडने विजेटला, म्हणजे शेलच्या एडिटरमधल्या फंक्शनला, जोडतात. बाइंड करायचं राहिलं आणि व्हीआय मोड (व्हीआय एडिटरसारखं, इन्सर्ट आणि कमांड वेगळे ठेवणारं टाइपिंग) असला तर एस्केपमुळे इन्सर्टमधून बाहेर पडतो, पुढचं अक्षर कमांड म्हणून धरलं जातं. आणि सगळ्यांना हवं असतं ते, म्हणजे बिल्ड संपला आणि मी दुसऱ्या विंडोत असेन तरच नोटिफिकेशन दे, नेमकं तेच यातून नीट होत नाही, कारण तुम्ही उठून जाता तेव्हा शेल ऐकतच नसतो.

टीमक्स या मल्टिप्लेक्सरमध्ये फोकस-इव्हेंट्स ऑप्शन आहे, पण बाय डिफॉल्ट बंद, आणि चालू केल्यावर एकदा डिटॅच करून (त्यातून बाहेर पडून) परत अटॅच करावं लागतं. शिवाय तिथे फोकस म्हणजे पेनचा (विंडोच्या एका भागाचा), विंडो तीच असली तरी शेजारच्या पेनमध्ये गेलात की आधीच्या शेलला तुम्ही बाहेर गेलात असंच कळतं.