स्वप्रतिमा : आयुष्यातील बदलांनंतरची फेररचना

स्वप्रतिमा म्हणजे ‘मी कोण’ याविषयी माणसाने मनात बाळगलेले चित्र. शरीर, नाव, नाती, काम, कुवत आणि चारचौघांतली पत या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. वैधव्य, घटस्फोट, अपंगत्व, दीर्घ आजार, नोकरी जाणे, निवृत्ती, धर्मांतर, स्थलांतर अशा घटनांनी यातला एखादा आधार निखळतो आणि जुने चित्र लागू पडेनासे होते. ते पुन्हा जुळवण्याची प्रक्रिया हा या नोंदीचा विषय.

घटना बहुधा एका दिवसात घडते, चित्र मात्र कित्येक महिने, कधी वर्षे मागे रेंगाळते. पुस्तकांच्या दुकानात ‘व्यक्तिमत्त्व विकास’ अशी पाटी लावलेल्या कप्प्यात हा सगळा इच्छाशक्तीचा मामला म्हणून मांडलेला असतो. प्रत्यक्षातली उदाहरणे तपासली तर तसे दिसत नाही. नवे रूप आधी रोजच्या वागण्यात उतरावे लागते आणि आसपासच्या माणसांनी ते मान्य करावे लागते. मनाची समजूत पुष्कळदा सर्वांत शेवटी पटते.

सिद्धांत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1890 मध्ये मांडले की माणसाला ओळखणारी जितकी माणसे, तितके त्याचे सामाजिक ‘मी’ असतात. चार्ल्स कूली यांनी 1902 मध्ये हाच विचार पुढे नेला. लोक आपल्याकडे कसे पाहत असतील याची आपण कल्पना करतो आणि त्या कल्पनेतूनच स्वतःला पाहतो, असे त्यांचे म्हणणे. 1909 मध्ये आर्नल्ड व्हान गेनेप यांनी संक्रमणविधींचे तीन टप्पे दाखवले: जुन्यापासून तुटणे, अधांतरी असणे आणि नव्यात सामावणे. आपल्याकडच्या मुंजीला, लग्नाला हे टप्पे सहज लावता येतात. सासरी ताटात तांदूळ पसरून अंगठीने सुनेचे नवे नाव लिहिणे हा तिसऱ्या टप्प्यातला विधी; तिला ते नाव आपले वाटते की नाही, हे तेव्हा कोणी विचारत नसे. मात्र घटस्फोटाला, नोकरी सुटण्याला किंवा पाय गमावण्याला असा कोणताच विधी नाही. तिथे माणूस अधांतरी राहतो तो विशेषतः यामुळे.

1967 मध्ये थॉमस होम्स आणि रिचर्ड राही यांनी आयुष्यातल्या 43 घटनांना ताणाचे गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला 100, घटस्फोटाला 73, लग्नाला 50, निवृत्तीला 45. लग्न या यादीत असणे महत्त्वाचे आहे, कारण हव्याशा बदलातही जुना ‘मी’ हातून सुटतोच. तरी ही गुणपत्रिका फार शब्दशः घेऊ नये. विधवेच्या वाट्याला काय येते हे मृत्यूइतकेच समाज ठरवतो.

समाजशास्त्रज्ञ हेलन रोझ इबॉ या स्वतः आधी ख्रिस्ती जोगीण (नन) होत्या. भूमिका सोडण्याच्या प्रक्रियेवरचा त्यांचा ग्रंथ 1988 मध्ये आला. माजी जोगिणी, घटस्फोटित, शिक्षा भोगून आलेले, व्यवसाय सोडलेले डॉक्टर अशा 185 जणांच्या मुलाखतींवर तो उभा आहे. पहिल्या शंका, पर्यायांचा शोध, निर्णायक क्षण आणि अखेरीस ‘माजी’ म्हणून स्थिरावणे, असा क्रम त्यांना आढळला. जुन्या भूमिकेचा अंश नव्या रूपात उरतोच, हे त्यांचे निरीक्षण अधिक मोलाचे. सैन्यातला अधिकारी नावापुढे ‘कर्नल (निवृत्त)’ लिहितो, पडलेला आमदार ‘माजी आमदार’ म्हणून सत्कार स्वीकारतो. ज्यांच्या ‘माजी’पणाला मान आहे त्यांचे संक्रमण त्या मानाने सोपे जाते.

शरीर बदलते तेव्हा. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात होते आणि मुष्टियुद्ध खेळत. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना अपंगत्व आले. उपचारांचा भाग म्हणून ते पोहू लागले आणि 1972 च्या हायडेलबर्ग पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल शर्यतीत सुवर्णपदक मिळवले. पॅरालिंपिकमधले ते भारताचे पहिले सुवर्ण. या कथेत सहसा जिद्दीवर भर दिला जातो. पण खेळाडू हा त्यांच्या स्वप्रतिमेचा गाभा जखमेनंतरही शाबूत राहिला, बदलला तो खेळ, ही गोष्टही तितकीच लक्षात घेण्यासारखी. पुण्याजवळ खडकीला 1974 पासून सैनिकांचे अर्धांगवायू पुनर्वसन केंद्र आहे. तिथेही माणूस सैनिकांमध्येच राहतो. ‘आपल्यातला’ हे नाते तुटत नाही. घरी एकट्या पडलेल्या रुग्णाला हा आधार नसतो.

वैधव्य. महाराष्ट्रात स्वप्रतिमेवर सर्वांत कठोर हल्ला बहुधा इथेच झाला. एकोणिसाव्या शतकात ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या काही जातींत विधवेचे केशवपन करत, तिला आलवण (विधवेचे तांबडे लुगडे) नेसवत, मंगलकार्यातून दूर ठेवत. अनेक ब्राह्मणेतर जातींत पाट लावण्याची, म्हणजे पुन्हा लग्न करण्याची, मुभा होती, पण पाटाच्या बायकोला लग्नाच्या बायकोचा मान क्वचितच मिळे. शोकाला वेळ देण्याऐवजी समाज तिला नवी ओळख तिथल्या तिथे चिकटवून मोकळा होई, आणि आरशात पाहिले तरी तीच दिसे.

धोंडो केशव कर्वे यांनी 1893 मध्ये पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या बालविधवा गोदूबाईंशी लग्न केले. पुढे त्या आनंदीबाई, म्हणजेच बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. कर्व्यांच्या मुरुड गावाने जोडप्यावर बहिष्कार घातला. म्हणजे कायद्याने (विधवाविवाह 1856 पासून वैध होता) आणि नवऱ्याने दिलेली ओळख गावाने नाकारली.

बायांची बहीण पार्वतीबाई आठवले यांची वाटचाल वेगळी आणि या विषयासाठी अधिक बोलकी. विशीत वैधव्य आले, केशवपन झाले, पदरी मुलगा. त्या मोठ्या वयात शिकल्या, मग शिकवू लागल्या, मग कर्व्यांच्या हिंगण्याच्या विधवाश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा करत हिंडल्या. पुनर्विवाह त्यांनी केला नाही. केस पुन्हा वाढवले ते चाळिशी उलटल्यावर, म्हणजे कामाने आणि लोकांतल्या स्थानाने त्यांना वेगळे माणूस केले त्यानंतर. पुढे इंग्रजी शिकण्याच्या ओढीने त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथे घरकाम करूनही राहिल्या. स्वतःविषयीची धारणा आधी पालटली आणि मग कृती झाली, हा नेहमी गृहीत धरला जाणारा क्रम इथे उलटा दिसतो.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. 4 मे 2022 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने नवऱ्याच्या मृत्यूनंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. ठराव बाईने स्वतःला कसे पाहावे याविषयी काहीच म्हणत नाही. तो बंधन घालतो ते गावावर.

समूहाने केलेली फेररचना. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माचा स्वीकार केला. एका माणसाने एकट्याने ‘आजपासून मी अस्पृश्य नाही’ असे ठरवून काही साधले नसते; गावाने दुसऱ्या दिवशी त्याला त्याची जागा दाखवली असती. इथे मात्र माणूस ज्यात स्वतःला पाहतो तो लोकांच्या नजरेचा आरसाच बदलला. 22 प्रतिज्ञा सर्वांनी मिळून घेतल्या, देव्हाऱ्यातले देव निघाले, ‘जय भीम’ या अभिवादनाने माणूस दिवसातून अनेकदा स्वतःची नवी ओळख दुसऱ्याच्या तोंडून ऐकू लागला. मेलेली गुरे ओढण्यासारखी गावकामे सोडण्याची चळवळ आधीपासून सुरू होती, तिला बळ आले. अशा नकारांची किंमत गावोगाव बहिष्काराने मोजावी लागली. सरकारी कागदही मागे राहिला: बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती कायद्यातल्या दुरुस्तीनंतर 1990 मध्ये मिळाल्या.

काम जाणे. मुंबईच्या गिरणगावात साचेवाला, त्रासनवाला, बदलीवाला ही नुसती कामांची नावे नव्हती. चाळीतली पत, लग्नाचा बाजार, गावाकडचा मान त्यांवर ठरे. 18 जानेवारी 1982 पासून सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यातले बरेच पुन्हा कधी गिरणीत कामावर गेले नाहीत. कोणी रखवालदार झाले, कोणी भाजी विकू लागले, अनेक घरे बायकांच्या कमाईवर चालली. नवऱ्यांना ते पचवायला जड गेले आणि बायकांना ‘मिळवती’ ही नवी ओळख मिळाली खरी, पण ती मिरवण्यासारखी कोणाला वाटली नाही. गंमत अशी की गिरणी गेली तरी ‘गिरणी कामगार किंवा त्याचा वारस’ ही ओळख म्हाडाच्या घरांच्या सोडतीने जिवंत ठेवली. ती सिद्ध करायला जुने कागद धुंडाळावे लागतात.

निवृत्तीविषयी थोडक्यात. 1961 मध्ये इलेन कमिंग आणि विल्यम हेन्री यांनी म्हातारपणी माणूस व समाज एकमेकांपासून आपसूक दूर होतात असा सिद्धांत मांडला. वानप्रस्थाची आठवण करून देणारा हा विचार पुढे बराच खोडला गेला. रॉबर्ट अ‍ॅचली यांचा सातत्याचा सिद्धांत अधिक पटतो: लोक जुन्या सवयी आणि नाती नव्या परिस्थितीत ओढून नेतात. निवृत्त हेडमास्तर सोसायटीचे सचिव होऊन सभासदांच्या इतिवृत्तातले शुद्धलेखन तपासतात, ते त्यामुळेच.

वाढीचा दावा. आघातातून माणूस अधिक समर्थ होतो, या कल्पनेला रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून यांनी 1990 च्या दशकात शास्त्रीय रूप दिले आणि 1996 मध्ये 21 विधानांची प्रश्नावली केली. नाती, नव्या शक्यता, आंतरिक बळ, अध्यात्म आणि जीवनाची कदर ही तिची पाच अंगे. ती लोकप्रिय झाली, कदाचित गरजेपेक्षा जास्त. आजारातून उठलेल्याकडून ‘शिकलो’ असे ऐकण्याची लोकांना घाई असते, आणि न शिकता नुसते बरे होण्याचीही मुभा असायला हवी. 2009 मध्ये पॅट्रिशिया फ्रेझर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांची आघाताआधी आणि नंतर अशी दोन्ही मोजमापे ताडून पाहिली. वाढ झाल्याचे जे सांगितले गेले, त्याचा प्रत्यक्ष बदलाशी फारसा मेळ बसला नाही. वाढ झाली असे वाटणे ही दुःख झेलण्याची एक रीत असू शकते, असा त्यातून निघणारा अर्थ. या क्षेत्राची मुख्य अडचण मात्र कायम आहे: आधीचे मोजमाप हाती असायला हवे, आणि अपघात कोणाला होणार हे आधी माहीत नसते.