बॅटरी दहा वर्षांची, पीएचडी पाच वर्षांची

विजेवर चालणाऱ्या गाडीची बॅटरी का म्हातारी होते, यावर पीएचडी करायची तर पहिली अडचण रसायनशास्त्राची नसते, कॅलेंडरची असते. चांगली बॅटरी दहा-बारा वर्षं सहज टिकते आणि फेलोशिप पाच वर्षांत संपते. तापवून तिला लवकर म्हातारं करता येतं, पण ५५ अंशांवर जे बिघडतं तेच २५ अंशांवरही बिघडेल याची हमी नाही.

मुळात बिघडतं काय? चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांत जाऊन बसतात. असा भरलेला ग्राफाइट मधल्या द्रवाला, म्हणजे इलेक्ट्रोलाइटला, सोसवत नाही. संपर्क आला की द्रवाचं विघटन होतं. तरीही बॅटरी चालते, कारण पहिल्याच चार्जिंगला या विघटनातून ग्राफाइटवर एक खपली धरते. जाडी काही नॅनोमीटर. तिच्यातून आयन जातात, इलेक्ट्रॉन जाऊ शकत नाहीत, म्हणून पुढचं विघटन जवळपास थांबतं. तेल अवीव विद्यापीठाच्या इमॅन्युएल पेलेड यांनी १९७९ मध्ये अशा खपलीचं वर्णन केलं. प्रयोगशाळेत तिला ‘एसईआय’ (सॉलिड इलेक्ट्रोलाइट इंटरफेज) म्हणतात.

पण ही खपली धरते ती लिथियम खाऊन. प्रत्येक चार्जिंगला ग्राफाइट साधारण १० टक्के फुगतो आणि पुन्हा आक्रसतो. खपलीला चिरा जातात, उघड्या पडलेल्या जागी नवी खपली, पुन्हा लिथियमचा खर्च. आत लिथियम मोजूनमापून भरलेलं असतं, नंतर वरून घालायची सोय नाही. गाडी नुसती उभी असली तरी खपली हळूहळू जाड होतच राहते, आणि उन्हाळ्यात जास्त वेगानं. विदर्भातल्या मे महिन्यात पूर्ण चार्ज करून गाडी उन्हात सोडणं म्हणूनच वाईट.

वर्षानुवर्षं वाट न बघता ही गळती मोजायची कशी? एक उत्तर कॅनडातल्या हॅलिफॅक्सहून आलं, बॅटरी संशोधक जेफ डान यांच्या डलहौसी विद्यापीठातल्या प्रयोगशाळेतून. (सातारचं राज्य खालसा करणाऱ्या लॉर्ड डलहौसीच्या वडिलांनी १८१८ मध्ये स्थापलेली संस्था. हो, पेशवाई बुडाली तेच साल.) डान यांचा हिशेब शाळकरी आहे. आत घातलेल्या विजेपैकी ९९.९ टक्के परत मिळाली तर कोणीही खूश होईल. पण प्रत्येक फेरीत (एकदा चार्ज करून पुन्हा रिकामी केली की एक फेरी) हजारातला एक भाग लिथियम कायमचा गेला, तर हजार फेऱ्यांनंतर ३७ टक्केच उरतं. तेच ९९.९९ टक्के असेल तर ९० टक्के उरतं. सगळा फरक चौथ्या नवाचा! म्हणून त्यांनी तो चौथा नऊ टिपू शकतील अशी अतिअचूक चार्जिंग यंत्रं उभी केली. मग काही आठवड्यांच्या मोजणीतही कोणतं रसायन टिकाऊ ठरेल, याचा अंदाज बांधता येतो.

दुसरं उत्तर २०१९ मध्ये आलं आणि मला ते जास्त चकित करणारं वाटतं. स्टॅनफर्ड, एमआयटी आणि टोयोटा रिसर्च इन्स्टिट्यूट यांच्या गटानं लिथियम आयर्न फॉस्फेट या प्रकारच्या बॅटरीचे १२४ सेल वेगवेगळ्या पद्धतींनी जलद चार्ज केले. कोणी १५० फेऱ्यांत गारद झाला, कोणी २३०० पर्यंत तगला. गटाला आयुष्याचा अंदाज हवा होता तो पहिल्या १०० फेऱ्यांवरून, आणि तोवर क्षमता घटलेली दिसतही नव्हती. मग त्यांनी क्षमतेचा आकडा बाजूला ठेवला. दहाव्या आणि शंभराव्या फेरीत सेल रिकामा होताना कोणत्या व्होल्टेजला किती वीज बाहेर आली, ते दोन आलेख एकमेकांतून वजा केले. त्या वजाबाकीच्या चढउतारांत सेलचं भविष्य दिसत होतं. अंदाजातली चूक सरासरी ९.१ टक्के.

असं का व्हावं? त्यांचं स्पष्टीकरण असं: सेलमध्ये ग्राफाइट गरजेपेक्षा थोडा जास्त घातलेला असतो. त्यातला काही निकामी झाला तरी आधी शिलकीतला जातो, म्हणून क्षमता तशीच दिसते. बदलतो फक्त आलेखाचा आकार. शिल्लक संपली की लिथियमला बसायला जागा पुरत नाही, ते धातू होऊन ग्राफाइटवर साचू लागतं, आणि इतका वेळ सपाट असलेली क्षमतेची रेघ एकदम कोसळते.

अर्थात वजाबाकीत हे निदान अप्रत्यक्षच दिसतं. सेलच्या आत नेमकं काय निकामी झालं हे डोळ्यांनी बघायचं, तर आरगॉन वायूनं भरलेल्या बंद काचपेटीत जाड रबरी हातमोज्यांतून हात घालून मेलेला सेल उघडावा लागतो. ते काम अजूनही विद्यार्थ्याच्याच वाट्याला येतं.