गाण्यावर दिवे नाचवायचे तर

घरावरची दिव्यांची माळ गाण्याच्या नेमक्या ठेक्यावर लखलखू लागली की दिव्यांना गाणं ऐकू येतंय असंच वाटतं. तसंही करता येतं. मायक्रोफोन जोडलेला कंट्रोलर आवाज तपासत राहतो आणि ठोका आला की दिवे उजळवतो. पण ठोका पडल्याचं त्याला पडून गेल्यावरच कळतं. सेकंदाला आवाजाचे २२,०५० नमुने घ्यायचे आणि ५१२ नमुन्यांचा एक गट तपासायचा म्हटलं, तर गट भरण्यातच २३ मिलिसेकंद जातात. शिवाय ढोलकी कुठली आणि दार आपटलं कुठलं, हे त्या बिचाऱ्याला उमगत नाही. मनासारखा खेळ हवा असेल तर तो आधी रचावा लागतो. गाण्याच्या कितव्या मिलिसेकंदाला कोणता दिवा कोणत्या रंगात, याच्या वेळापत्रकाला सीक्वेन्स म्हणतात.

सुरुवात १०० दिव्यांपासून करावी. प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा ठरवू देणाऱ्या डब्ल्यूएस२८११ चिपच्या, ५ व्होल्टवर चालणाऱ्या ५० दिव्यांच्या दोन माळा, ५ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस (म्हणजे पॉवर सप्लाय), ईएसपी३२ हा वायफाय असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड, ७४एएचसीटी१२५ ही चिप, ३३० ओहमचा एक रेझिस्टर, ५ अँपिअरचे दोन फ्यूज आणि पाणी न शिरणारा डबा, एवढं पुरतं. बोर्डवर दिवे चालवणारं डब्ल्यूएलईडी आणि संगणकावर सीक्वेन्स रचण्याचं एक्सलाइट्स ही सॉफ्टवेअर टाकायची. दोन्ही मोफत आहेत.

यातली ७४एएचसीटी१२५ बरेच जण गाळतात आणि मग दिवे का फडफडतात म्हणून डोकं धरून बसतात. ५ व्होल्टवर चालणारी दिव्यातली चिप साधारण ३.५ व्होल्टच्या वरचा संदेशच खात्रीने ‘१’ धरते. ईएसपी३२ देतो ३.३. त्यामुळे टेबलावर सगळं सुरळीत चालतं आणि माळ बाहेर लांब नेली की वेडेवाकडे रंग दिसू लागतात. ही चिप संदेश ५ व्होल्टपर्यंत उचलून देते. रेझिस्टर तिच्या आउटपुटला लावायचा, आणि बोर्डपासून पहिल्या दिव्यापर्यंतची वायर ३-४ मीटरच्या आत ठेवायची.

माळेत संदेश हातोहात पुढे जातो. पहिला दिवा आलेल्या आकड्यांतले पहिले २४ बिट स्वतःला ठेवतो, उरलेले पुढच्याला देतो. एका बिटाला १.२५ मायक्रोसेकंद, म्हणजे एका दिव्याला ३० मायक्रोसेकंद लागतात. दर २५ मिलिसेकंदांनी नवं चित्र हवं असेल तर एका डेटा वायरवर ८०० च्या आसपास दिवे बसतात. आपले १०० तर ३ मिलिसेकंदांत उरकतात. मधूनच पुढची सगळी माळ मेली, तर दोष बहुधा दोनपैकी एका ठिकाणी असतो: पहिला न लागणारा दिवा किंवा त्याच्या आधीचा, म्हणजे शेवटचा लागणारा. दुसरा बऱ्याचदा निर्दोष समजून सोडला जातो. माळ उलटी जोडली तर काहीच लागत नाही. दिव्यावरचा बाण बोर्डपासून दूर जाणारा हवा.

खरी गोम विजेत आहे. पूर्ण पांढरा उजळलेला एक दिवा साधारण ६० मिलिअँपिअर खातो, म्हणजे १०० दिवे ६ अँपिअर. माळेची वायर ०.५ चौरस मिलिमीटरची आणि दिवे १० सेंटिमीटर अंतरावर आहेत असं धरू. ५० दिव्यांच्या शेवटी व्होल्टेज अर्ध्या व्होल्टने पडतं. १०० दिव्यांच्या शेवटी दुप्पट पडेल असं वाटतं, पण पडतं २ व्होल्टने, चौपट. कारण लांबीही दुप्पट झाली आणि करंटही. उरले जेमतेम ३ व्होल्ट. निळ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, लाल २ वरही पेटतो. म्हणून माळेचं शेपूट पांढऱ्याऐवजी पिवळट, मग तांबूस होत जातं. अशी माळ दिसली की सॉफ्टवेअरमधल्या रंगांशी खेळत बसू नये.

उपाय दोन. दुसऱ्या टोकालाही वीज द्यावी: त्याच एसएमपीएसवरून १.५ चौरस मिलिमीटरच्या दोन वायरी न्याव्या आणि प्रत्येक फाट्याच्या प्लसला एसएमपीएसजवळ वेगळा फ्यूज घालावा. दुसरा उपाय म्हणजे तेज ३० टक्क्यांवर आणावं. करंट त्याच प्रमाणात घटतो आणि अंधारात हे दिवे तरीही डोळ्यांत भरतात. बोर्ड आणि माळ यांचा ग्राउंड एकच हवा, नाहीतर संदेशाला संदर्भच उरत नाही. मेन्सची जोडणी अर्थिंगसह इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावी. डब्यात वायर खालून शिरू द्यावी आणि शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यावा. पाणी झोळावरून टपकून जातं.

डब्ल्यूएलईडीत दिव्यांची संख्या १०० भरा. लाल सांगून हिरवा लागला तर रंगक्रम बदला. करंटची मर्यादा तिथे मुळात ८५० मिलिअँपिअर असते. ती तशीच राहिली तर सगळं मिणमिणतं. एसएमपीएस पाहून ती ६,००० करा. मग एक्सलाइट्समध्ये या बोर्डचा आयपी पत्ता देऊन नेटवर्कवरून दिव्यांचे रंग पाठवणारा डीडीपी प्रोटोकॉल निवडा, घराच्या फोटोवर माळेची आकृती मांडा आणि गाण्याची फाइल उघडा.

आता ठोके. सॉफ्टवेअरला ते आपोआप शोधायला लावता येतं, पण संथ गाण्यात ते कधीकधी दुप्पट मोजतं, म्हणून कानाने तपासून घ्यावं. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत ठोका दर ५०० मिलिसेकंदांनी, म्हणजे २५ मिलिसेकंदांच्या २० चौकटींनी येतो. नवशिके प्रत्येक ठोक्यावर सगळे दिवे भडकवतात आणि तिसऱ्या मिनिटाला बघणारा कंटाळतो. समेला सगळे, बाकी मात्रांना थोडेच, असं ठेवून बघा. दिवा एकदम पेटावा पण २००-३०० मिलिसेकंदांत विझत जावा. तबल्याची थापही तशीच विरते. सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट, विशेषतः लाल, टाळाच. काहींना त्याने फिट येऊ शकते.

सगळं जमूनही दिवे आधी आणि आवाज मागे असं होत असेल, तर संशयित बहुधा ब्लूटूथ स्पीकर असतो. आवाज गुंडाळून पाठवण्यात त्याचे १०० ते ३०० मिलिसेकंद जातात. स्पीकर वायरने जोडा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.१३५९ या शिफारशीत आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी किंवा १२५ मिलिसेकंद नंतर आला की फरक जाणवू लागतो असं धरलंय. उशीर आपल्याला अधिक खपतो. स्पीकरपासून १० मीटरवर उभ्या माणसाला आवाज तसाही २९ मिलिसेकंद उशिरा पोचतो. अधूनमधूनच अडखळत असेल तर दोष वायफायचा. तेव्हा सीक्वेन्स आणि गाणं दोन्ही रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरच्या फाल्कन प्लेअर सॉफ्टवेअरमध्ये ठेवा आणि तिथून बोर्डपर्यंत नेटवर्कची केबल टाका. त्यासाठी इथरनेट असलेला ईएसपी३२ बोर्ड लागेल. मोजायचं असेल तर फोनवर सेकंदाला २४० चौकटींचं स्लो मोशन चित्रण करा. एक चौकट साधारण ४ मिलिसेकंदांची; गाण्यातल्या टाळीच्या आवाजापासून दिवा पेटेपर्यंतच्या चौकटी मोजल्या की फरक हाती येतो, आणि तेवढी सीक्वेन्स पुढे किंवा मागे सरकवायची.