पाणकावळा मारायचा परवाना: अमेरिकेत अर्ज कोणी करायचा, कागद कोणते लागतात

मिसिसिपीतल्या कॅटफिशच्या तळ्यावर हिवाळ्यात उभं राहिलं, तर आपल्या धरणकाठचंच चित्र दिसतं. काळा पक्षी बुडी मारतो, मासा आडवा धरून वर येतो, डोकं पुढे येईल असा फिरवतो आणि काट्यांसकट गिळतो. मग खांबावर पंख पसरून वाळवत बसतो. हा दुहेरी तुऱ्याचा पाणकावळा. एकटा दिवसाला साधारण अर्धा किलो मासे खातो, आणि इथे येतो तो थव्याने.

तरी बंदूक काढायची सोय नाही. स्थलांतरित पक्ष्यांच्या १९१८च्या कायद्याचं संरक्षण या पक्ष्याला १९७२ साली मिळालं. डीडीटी या कीटकनाशकावर बंदीही त्याच वर्षी आली आणि पुढे संख्या झपाट्याने वाढली. १९९८पासून १३ राज्यांतल्या मत्स्यशेतकऱ्यांना परवान्याशिवाय गोळी घालायची मुभा होती. मे २०१६मध्ये न्यायालयाने ती रद्द केली. तेव्हापासून रीतसर अर्जच करावा लागतो.

पात्र कोण?

ज्याच्या व्यवसायाचं किंवा मालमत्तेचं नुकसान होतंय तो: मत्स्यशेती करणारा, हॅचरीवाला (माशांची पिल्लं तयार करणारा), घराचा मालक. 'आमच्या तलावात गळाला मासा लागत नाही' ही हौशी मासेमाराची तक्रार इथे चालत नाही. सार्वजनिक पाण्यातल्या माशांसाठी वेगळा परवाना आहे. तो फक्त राज्यांच्या आणि आदिवासी जमातींच्या वन्यजीव खात्यांना मिळतो. अलास्का आणि हवाई सोडून ४८ राज्यांसाठी हा नियम फेब्रुवारी २०२१पासून लागू झाला. त्यावेळी देशभरात वर्षाला जास्तीत जास्त १,२१,५०४ पक्षी मारण्याची मर्यादा ठरली.

नुसतं हुसकवायला मात्र परवाना लागत नाही. फटाके, भोंगे, गाडी घेऊन बांधावर फेऱ्या, सगळं चालतं. फक्त गरुड आणि धोक्यातल्या प्रजातींना त्रास होता कामा नये.

कागदपत्रं

मूळ अर्ज फॉर्म ३-२००-१३, फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस या केंद्रीय वन्यजीव खात्याकडे भरायचा. ऑनलाइनही भरता येतो. व्यावसायिक अर्जाचं शुल्क १०० डॉलर, घरमालकाला ५०.

पण खरी मेख फॉर्म ३७ची. तो अर्जदार स्वतः भरत नाही. कृषी खात्याच्या वाइल्डलाइफ सर्व्हिसेस या वेगळ्या विभागाचा माणूस नुकसान तपासून भरून देतो. म्हणून आधी त्यांना फोन करा, अर्ज नंतर. अर्जात जागा, पक्ष्याची जात, अंदाजे संख्या, नुकसानीचं स्वरूप आणि किती पक्षी मारायची परवानगी हवी हे लिहायचं. त्याशिवाय आजवर काय काय करून पाहिलं, तेही. इथेच बरेच जण 'सर्व उपाय केले' एवढंच लिहून मोकळे होतात. त्यापेक्षा कोणत्या महिन्यात जाळी किंवा तारा लावल्या, फटाके किती दिवस वाजवले, पक्षी किती दिवसांनी परतले हे टिपलेली साधी वही जास्त कामाची. पावत्या आणि तारखेसह फोटो जोडले तर उत्तमच. गोळी घालणं हा हुसकवण्याला जोड म्हणून दिलेला उपाय आहे, हे अर्ज वाचणारा विसरत नाही. राज्याच्या कायद्यानुसार वेगळी परवानगी लागत असेल तर तीही काढून ठेवा.

परवाना हातात आल्यावर

मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. परवान्यात वेगळं काही म्हटलं नसेल, तर खांद्यावरून चालवायची शॉटगनच, १० गेजपेक्षा (गेज म्हणजे नळीच्या तोंडाचं माप) मोठी नाही, आणि फक्त परवान्यातल्या जागेवर. लपणीत बसून, नकली पक्षी मांडून किंवा शीळ घालून बोलवायचं नाही. ही शिकार नव्हे. छरे शिशाचे चालत नाहीत.

अमेरिकेच्या दक्षिणेत एक घोळ हमखास होतो. आपल्याकडच्या तिरंदाज पक्ष्याचा अमेरिकी भाऊबंद अँहिंगा लांबून अगदी पाणकावळ्यासारखा दिसतो, तोही पंख वाळवत बसतो, पण या परवान्यात तो बसत नाही. चोच पाहा: पाणकावळ्याची टोकाला आकड्यासारखी वळलेली, अँहिंगाची सुईसारखी सरळ.

मारलेला प्रत्येक पक्षी गोळा करायचा, विल्हेवाट परवान्यात सांगितल्याप्रमाणे लावायची आणि आकडा लिहून ठेवायचा. वर्षाचा अहवाल भरावाच लागतो, एकही पक्षी मारला नसला तरी. नूतनीकरणाचा अर्ज करण्याआधी तो गेलेला असू द्या.