पाश्चात्त्यीकरण आणि औद्योगिकीकरण : जपानने कारखाने का काढले?

मेइजी काळातील (१८६८-१९१२) जपानविषयी लिहिताना ‘पाश्चात्त्यीकरण’ आणि ‘औद्योगिकीकरण’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि त्यातून जपानला युरोपसारखे व्हायचे होते म्हणून त्याने कारखाने काढले, असा चुकीचा कार्यकारणभाव रूढ होतो. दोन्हींमागे पाश्चात्त्य देशांनी जपानवर लादलेले १८५८ चे विषम करार होते हे खरे. पण त्या करारांतील दोन निरनिराळ्या जाचक अटींना दिलेली ती दोन उत्तरे होती.

पहिली अट न्यायाधिकाराची. जपानमध्ये गुन्हा करणाऱ्या परदेशी माणसाचा खटला त्याच्याच देशाच्या वकिलातीपुढे चाले. ही अट काढून घ्यायची, तर आपण ‘सुधारलेले’ आहोत हे युरोपला पटवणे भाग होते. परराष्ट्रमंत्री इनोउए काओरू यांच्या पुढाकाराने टोकियोत १८८३ मध्ये उघडलेले रोकुमेइकान हे मेजवान्यांचे आणि नृत्यसमारंभांचे भवन त्यासाठीच होते.

दुसरी अट जकातीची. १८६६ मध्ये आयात जकात बहुतेक मालावर सुमारे ५ टक्क्यांना बांधली गेली, त्यामुळे परदेशी सूत-कापड जकात वाढवून रोखणे जपानच्या हातात राहिले नाही. तोच माल देशात तितकाच स्वस्त तयार करणे एवढाच मार्ग उरला. अफूच्या युद्धात चीनची झालेली दशा पाहून तोफा आणि जहाजे हवीत ही निकड होतीच, परंतु माझ्या मते जकातीचे हे कारण तिच्याइतकेच वजनदार आहे आणि त्याची दखल फार कमी घेतली जाते.

त्याच १८८३ मध्ये उद्योजक शिबुसावा एइइची यांच्या प्रयत्नांतून ओसाकात १०,५०० चात्यांची, वाफेवर चालणारी सूतगिरणी सुरू झाली. तिला मँचेस्टरप्रमाणेच मुंबईच्या गिरण्यांच्या सुताशीही टक्कर द्यायची होती. पुढे १८९३ मध्ये जमशेटजी टाटांच्या सहकार्याने निप्पॉन युसेन काइशा या जपानी जहाज कंपनीची मुंबई-कोबे जहाजे सुरू झाली आणि भारतीय कापसाची वाहतूक स्वस्त झाली.

यंत्र आणण्यासाठी युरोपचे राहणीमान आणावे लागत नाही, हे रेशीम उद्योगात अधिकच स्पष्ट दिसते. तोमिओकाची सरकारी गिरणी १८७२ मध्ये फ्रेंच यंत्रांनी उभी राहिली; मध्य जपानमधील सुवा भागातील उद्योजकांनी मात्र तीच पद्धत लाकडी सांगाडे आणि चिनी मातीची भांडी वापरून स्वतःला परवडेल अशी करून घेतली.

करारदुरुस्तीची बोलणी फसल्यावर इनोउए यांना १८८७ मध्ये पद सोडावे लागले; ओसाकाची गिरणी वाढतच गेली. परकीय न्यायाधिकार १८९९ मध्ये संपला. जकात ठरवण्याचे पूर्ण स्वातंत्र्य मिळाले १९११ मध्ये, म्हणजे जपानची सुताची निर्यात आयातीपुढे गेल्यानंतर तब्बल १४ वर्षांनी.