गणपतीआधी काय, दिवाळीनंतर काय : घराच्या दर्शनी भागासाठी माहितीपत्रक

जुलै संपत आला की दुकानात एकच मागणी असते : "गणपतीला मुंबईची माणसं येतील, त्याआधी कंपाउंडवर एक हात मारून घेऊ." रंग विकणं हाच आमचा धंदा आहे, तरी त्या दिवसांत बाहेरच्या भिंतीसाठी तो घेऊ नका असंच आम्ही सांगतो. कोकणात तेव्हा भिंत आतपर्यंत भिजलेली असते. चार तास ऊन पडलं की वरून कोरडी दिसते, पण आतलं पाणी बाहेर पडायला वाट शोधत असतं आणि ताजा रंग नेमका त्या वाटेत आडवा येतो. मग दसऱ्याला फुगे आणि शिमग्याला पोपडे.

खर्च थोडाच करायचा असेल तर वस्तू कोणती यापेक्षा महिना कोणता हे आधी ठरवा. या पत्रकात भाव छापलेले नाहीत, ते बदलतात. प्रमाणं दिली आहेत.

गणपतीआधी करण्यासारखं

पहिलं काम पायऱ्या आणि गेटपासून पडवीपर्यंतची वाट. हिरवं-काळं शेवाळ निघालं की निम्मं घर उजळतं, शिवाय म्हातारी माणसं घसरत नाहीत. 10 लिटर पाण्यात अर्धा किलो ब्लीचिंग पावडर कालवा, गाळ खाली बसू द्या आणि वरचं पाणी पावसाची उघडीप बघून फरशीवर ओता. दोन-तीन तासांनी काथ्याच्या किंवा नायलॉनच्या ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे घाला, डोळे सांभाळा. हे पाणी विहिरीकडे, झाडांच्या मुळाशी किंवा लोखंडी गेटवर जाऊ देऊ नका. ब्लीचिंगमध्ये ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

ॲसिडचंच निघालं म्हणून : शहाबादी आणि कोटा हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. बाथरूमचं ॲसिड त्यांच्यावर टाकलं की डागाबरोबर दगडही खाल्ला जातो, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि पुढच्या वर्षी शेवाळ तिथेच जास्त धरतं.

दुसरं, दिवा. पडवीत उघडा लोंबता बल्ब असेल तर तो काढून बंद काचेची, आयपी 65 (धूळ-पाणी आत न जाऊ देणारी) शिक्का असलेली भिंतीवरची फिटिंग लावा. आत 9 वॅटचा एलईडी पुरतो. रोज पाच तास चालला तरी महिन्याला दीड युनिटही होत नाही. पांढऱ्याऐवजी पिवळसर उजेड घ्या, त्यावर पावसाळी किडे कमी जमतात आणि चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) लाल रंगही खुलतो. वायर बदलायची असेल तर वायरमनलाच बोलवा.

तिसरं, नावाची पाटी, लोंबणाऱ्या केबल आणि पडवीला पावसासाठी बांधलेलं निळं प्लास्टिक. प्लास्टिक काढा असं कोकणात कोणी सांगणार नाही. पण वर-खाली बांबूला गुंडाळून ताणून बांधलं तर फडफडत नाही आणि घर झाकल्यासारखं दिसत नाही. जुन्या डिशची मेलेली वायर मात्र काढूनच टाका.

भर पावसात दहा मिनिटं

जोराचा पाऊस असताना छत्री घेऊन घरासमोर उभे राहा आणि पाणी कुठून कुठे जातं ते बघा. भिंतीवरच्या काळ्या ओघळांचा उगम याच वेळी सापडतो. नोव्हेंबरात नुसता डाग दिसतो.

टाकीचा ओव्हरफ्लो भिंतीवर पडत असेल तर एक एल्बो आणि जमिनीपर्यंत एक इंची पाइप, एवढंच काम आहे. कंपाउंडचा माथा सपाट असेल तर पाणी वर साचून आत मुरतं. पाऊस संपला की एक भाग सिमेंटला तीन भाग वाळू असा माल करून माथ्याला घराच्या बाजूला उतार द्या. ओघळ आले तरी आतल्या बाजूला येतील, रस्त्याकडची बाजू स्वच्छ राहील. भिंतीच्या भेगेत पिंपळ किंवा उंबर उगवला असेल तर तो आत्ताच, भिंत ओली आणि रोप वीतभर असताना मुळासकट उपटा. वरून छाटलेला पिंपळ दुप्पट जोमाने येतो.

कौलारू घराला सगळ्यात जास्त खराब करतात त्या पागोळ्या. वळचणीचं पाणी मातीत पडतं आणि तांबडे शिंतोडे भिंतीवर दीड-दोन फूट चढतात. तिथे दरवर्षी रंग लावणं म्हणजे पैसे पागोळीत घालणं. पागोळ्या पडतात त्या रेषेवर दीड फूट रुंद, चार इंच खोल चर काढा आणि त्यात वीस एमएमची खडी भरा. पाणी खडीत मुरतं, शिंतोडा उडत नाही. 20 फूट लांबीला साधारण 10 घनफूट खडी लागते. पन्हळ बसवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं आणि झाडाची पानं अडकून तुंबत नाही. भिंतीच्या तळाला दीड फुटांचा गेरू किंवा चॉकलेटी पट्टा ओढायची जुनी पद्धतही याच कारणाची आहे.

दिवाळीनंतर : भिंत

आधी परीक्षा. दीड फूट चौकोनी जाड प्लास्टिक भिंतीला चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक दिवस-रात्र ठेवा. आतल्या बाजूला थेंब दिसले तर अजून थांबा. कंपाउंडच्या मागे माती टेकलेली असेल तर तेवढा भाग डिसेंबरातही पास होत नाही. तिथे रंगाचा नाद सोडा आणि समोर कुंड्या ठेवा.

आधी स्नोसेम (सिमेंटचा रंग) लावलेलं असेल तर हात फिरवून बघा. तळहात पांढरा झाला तर ती भुकटी पूर्ण खरवडून, धुऊन, वाळवूनच प्रायमर लावा. नाहीतर नवा इमल्शन (पाण्यात कालवायचा रंग) भिंतीला न चिकटता भुकटीला चिकटतो आणि पापुद्र्याने सुटतो. केसासारख्या भेगा पत्र्याने थोड्या उघडून क्रॅक-फिल पेस्टने भरा. बाहेर पीओपी किंवा आतल्या भिंतींची ॲक्रिलिक पुट्टी वापरू नका, पहिल्या पावसात मऊ पडते. नवीन प्लास्टर असेल तर 28 दिवस थांबा.

हिशेब असा : 40 फूट लांब, 4 फूट उंच कंपाउंडची रस्त्याकडची बाजू म्हणजे 160 चौरस फूट. बाहेरचा प्रायमर एक हात, 2 लिटर. इमल्शनचे दोन हात, खरबरीत प्लास्टरवर लिटरला 40 चौरस फूट धरून 4 लिटर. म्हणजे एक डबा. पेंटर त्याच डब्यात मागची बाजूही काढून देतो म्हणाला तर समजा, पाणी जास्त पडणार. असा रंग वर्षभरात हाताला लागतो. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच.

चिऱ्याच्या गडग्याला (कुंपणाच्या भिंतीला) आमच्या मते रंग लावूच नये. चिरा सच्छिद्र, ओल आत-बाहेर करणारा. लाल ऑइल पेंट फासलेला गडगा दोन पावसांत सालं टाकतो आणि मग ना रंग दिसतो ना दगड. मऊ ब्रशने घासून धुवा. तारेचा ब्रश चिरा झिजवतो, जोरदार फवाऱ्याचं मशीन दर्जा (दगडांमधल्या सांध्यांचा माल) उडवतं. सुटलेल्या दर्जा भरून घ्या. फार वाटलं तर पूर्ण वाळल्यावर पाणी झटकणारं पारदर्शक सिलिकॉन द्रावण लावा, चकाकणारं वॉर्निश नको.

गेट

पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर ते गेटवर घाला. किनाऱ्याजवळच्या गावांत आधी गेट गोड्या पाण्याने धुवा. मीठ रंगाखाली राहिलं तर गंज आतून पुन्हा फुटतो. वाळल्यावर तारेच्या ब्रशने पापुद्रे काढा, 80 नंबरच्या एमरीने घासा, कापडाने पुसा आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड (लोखंडाचा प्रायमर) लावा. घासलेलं लोखंड रात्रभर उघडं ठेवलं की सकाळी तांबूस होतं. दुसऱ्या दिवशी ऑइल पेंटचा पहिला पातळ हात, तिसऱ्या दिवशी दुसरा. 10 बाय 4 फुटांच्या गजांच्या गेटला दोन्ही बाजूंनी प्रायमर 1 लिटर, रंग 1 लिटर आणि ब्रश धुण्यासकट अर्धा लिटर टर्पेंटाइन पुरतं. गॅल्व्हनाइज्ड पाइपचं गेट असेल तर रेड ऑक्साइड त्यावर धरत नाही, एच (etch) प्रायमर मागा. दमट हवेत ऑइल पेंट चिकट राहतो आणि चमक मरते, म्हणून हेही काम दिवाळीनंतरचंच.

गेट जमिनीला घासत असेल तर वेल्डरच्या आधी बिजागरी बघा. पिन झिजून झडप खाली बसलेली असते. झडप उचलून पिनवर एक-दोन जाड वॉशर आणि थोडं ग्रीस घातलं की बहुतेक वेळा भागतं.

दार

पावसात फुगलेल्या दारावर रंधा मारू नका, एप्रिलमध्ये बोटभर फट पडते. जानेवारीत 120 आणि मग 220 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून उकळलेलं जवसाचं तेल कापडाने पातळ लावा, वीस मिनिटांनी उरलेलं पुसून घ्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा एक हात. तेलाची कापडं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवा किंवा मोकळ्या जागी पसरून वाळवा. पितळी कडी चिंचेने घासली की लगेच धुऊन कोरडी करा, आंबट राहिलं तर हिरवी पडते.

दुकानात येताना भिंतीची लांबी-उंची, गेटचं माप, जुन्या रंगाचा एक सुटलेला पोपडा आणि भर पावसात काढलेला समोरचा फोटो आणा.