जुन्या सहा सिलिंडरला पाचवा गिअर

जॅग्वार ई-टाइप १९६१ साली आली तेव्हा तिच्या लांब बॉनेटखालचं सरळ ओळीतलं सहा सिलिंडरचं इंजिन जगात वाखाणलं गेलं. गिअरबॉक्सच्या वाट्याला मात्र तेवढं कौतुक आलं नाही. गिअर चार, आणि पहिल्याला सिंक्रोनायझर (गिअर टाकताना दात्यांचे वेग जुळवणारा भाग) नाही. १९६४ च्या ४.२ लिटर मॉडेलमध्ये ही उणीव भरून निघाली, पण गिअर चारच राहिले. चौथा गिअर 'डायरेक्ट', म्हणजे इंजिन जितके फेरे घेईल तितकेच प्रॉपेलर शाफ्टही (गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे शक्ती नेणारा दांडा) घेणार. हमरस्त्यावर तासन्‌तास गाडी चालवायची तर इथेच अडतं. उपाय एकच, जुना बॉक्स काढून पाच गिअरांचा बसवायचा.

हिशेब करून पाहू. चाकाचा परीघ साधारण २ मीटर धरला तर ताशी १०० किलोमीटरला चाक मिनिटाला सुमारे ८३३ फेरे घेतं. डिफरन्शियलचं गुणोत्तर ३.५४ असेल, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला प्रॉपेलर शाफ्टचे ३.५४ फेरे, तर चौथ्या गिअरवर इंजिन मिनिटाला २,९५० फेऱ्यांवर असतं. बोर्ग-वॉर्नरचा टी-५ हा पाच गिअरांचा बॉक्स १९८० च्या दशकात फोर्ड मस्टँगसारख्या गाड्यांत आला. त्याच्या एका प्रकारात पाचवा गिअर ०.६८ चा आहे, म्हणजे प्रॉपेलर शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनाचे ०.६८ फेरे. तो घातला की त्याच वेगाला इंजिन जेमतेम २,००० वर येतं. या इंजिनात पिस्टनची चाल तब्बल १०६ मिलिमीटर आहे, त्यामुळे पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १०.४ मीटरवरून ७.१ वर उतरतो. घर्षण कमी, झीज कमी, आवाजही कमी.

पेट्रोल वाचतं त्यामागे आणखी एक कारण आहे, आणि मला तेच सगळ्यात सुंदर वाटतं. ठरावीक वेगाला गाडीला लागणारी शक्ती तेवढीच असते. तीच शक्ती कमी फेऱ्यांत काढायची तर थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारी हवा अडवणारी झडप, जास्त उघडावा लागतो. अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमागे निर्वात तयार होतो आणि हवा ओढून घेताना पिस्टनची बरीच ताकद वाया जाते. थ्रॉटल उघडला की ही ओढाताण कमी होते. लांब चालीचं इंजिन कमी फेऱ्यांतही भरपूर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतं, म्हणून त्याला हे मानवतं.

म्हणून जितका लांब (कमी गुणोत्तराचा) गिअर तितका चांगला, असं मात्र नाही. डिफरन्शियल ३.०७ चा असेल तर ०.६८ च्या गिअरवर इंजिन १,७४० पर्यंत घसरतं. सहा सिलिंडरमध्ये प्रत्येक फेऱ्यात तीन स्फोट होतात. फेरे घटले की स्फोटांमधलं अंतर वाढतं, प्रत्येक धक्का मोठा होतो आणि गिअरचे दाते खडखडू लागतात. अशा गाडीत ०.८ च्या आसपासचा पाचवा गिअर शहाणपणाचा. शिवाय ०.६८ वर चाकाकडे जाणारा टॉर्क चौथ्या गिअरपेक्षा ३२ टक्क्यांनी कमी असतो, त्यामुळे चढ आला की चौथ्यावर यावंच लागतं. कमाल वेग वाढेल ही अपेक्षाही नको. हवेच्या विरोधाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि ती द्यायला इंजिनाला फेरे हवेतच.

खरी कसोटी लागते ती बसवताना. दुसऱ्याच इंजिनासाठी बनलेला बॉक्स जोडायला वेगळं बेल हाउसिंग (इंजिन आणि बॉक्स यांच्यामधलं, क्लच झाकणारं कवच) किंवा अडॅप्टर प्लेट लागते, आणि इंजिनाचा क्रँकशाफ्ट व गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट अगदी एका रेषेत यावे लागतात. फ्लायव्हीलवर डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारं काट्याचं उपकरण) लावून त्याचं टोक बेल हाउसिंगच्या भोकाला टेकवून पूर्ण फेरा फिरवला तर काट्याची एकूण हालचाल ०.१३ मिलिमीटरच्या आत हवी. म्हणजे कागदाच्या पानाहून किंचित जास्त! ही मोजणी टाळली की इनपुट शाफ्टचं टोक पेलणारं पायलट बेअरिंग लवकर खराब होतं, क्लच नीट सुटत नाही आणि दोष मात्र नव्या बॉक्सला लागतो. क्लच प्लेटच्या स्प्लाइन (शाफ्टवर अडकणाऱ्या खाचा) नव्या इनपुट शाफ्टशी जुळायला हव्यात, हे तर उघडच आहे.

बॉक्सची लांबी बदलली की प्रॉपेलर शाफ्टही नव्या मापाचा करून बॅलन्स करून घ्यावा लागतो. या शाफ्टच्या दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे कोनातही फिरणारे सांधे, असतात. असा जॉइंट कोनात फिरतो तेव्हा त्याच्या पलीकडचा शाफ्ट एकसारखा फिरत नाही. १० अंशांच्या कोनाला त्याचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा सुमारे दीड टक्का वर-खाली होतो. दोन्ही टोकांचे कोन समान ठेवले आणि जॉइंट योग्य दिशेत बसवले तर एकाचा चढउतार दुसरा खोडून काढतो. बॉक्सचं मागचं माउंटिंग थोडं उंच-खाली झालं तरी हे गणित बिघडतं, म्हणून बोल्ट अंतिम आवळण्याआधी कोन मोजावेत.

आणि शक्यतो चासीला कापाकापी करू नये, बोल्टने बसणारा क्रॉसमेंबर (बॉक्स पेलणारी आडवी पट्टी) वापरावा. मूळ बॉक्स तेल भरून, तोंडं बंद करून जपून ठेवला तर पुढच्या मालकाला गाडी पुन्हा मूळ रूपात आणता येईल.